परदेशी स्थायिक होताय? गाडी इथेच राहू द्या, लायसन्सची फाईल मात्र नीट बांधा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी इथली मुलं-मुली तिकडे जाणार, त्यासाठी जर्मन शिकणार, अशी ती योजना. कराराचं पुढे काय होतंय ते वेगळं, पण तेव्हापासून जर्मनीचं नाव आयटीवाल्यांपुरतं उरलेलं नाही. सांगलीच्या नर्सिंग कॉलेजातली मुलगी आणि चाकणचा फिटरही आता तिकडच्या पगाराचा हिशोब मांडतो. हिशोब मांडताना दोन प्रश्न हमखास येतात: आपलं लायसन्स तिकडे चालतं का? आणि हप्ते नुकतेच फिटलेली गाडी सोबत नेता येते का?

उत्तर आधीच सांगतो. लायसन्स काही महिने चालतं, मग चालत नाही. गाडी नेता येते, पण जवळजवळ कुणीच नेऊ नये. मात्र तुमच्या लायसन्समागचे कागद तिथे फार उपयोगी पडतात आणि ते इथून निघण्यापूर्वीच गोळा करावे लागतात. नेमकं हेच काम बहुतेकांकडून राहून जातं. त्यापायी पहिलं वर्ष बसस्टॉपवर जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मुख्य उदाहरण जर्मनीचं घेतो, बाकी देश ओघात येतील.

लायसन्स परक्या देशात का थांबतं?

लायसन्स हा शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा कागद आहे. तुम्ही अमुक इयत्ता पास झालात एवढं तो सांगतो, पण पास कुठल्या बोर्डातून झालात यावर नवी शाळा तुम्हाला थेट वर्गात बसवते की आधी स्वतःची परीक्षा घेते हे ठरतं. ज्या देशांनी एकमेकांची परीक्षा मान्य केली आहे, त्यांच्यात लायसन्सची सरळ अदलाबदल होते. जपान किंवा दक्षिण कोरियाचं लायसन्स ब्रिटनमध्ये परीक्षा न देता बदलून मिळतं. भारताचं मिळत नाही. जर्मनीच्या अशा यादीतही भारत नाही.

मग पर्यटक गाडी कशी चालवतात? कारण पाहुणा आणि रहिवासी यांना नियम वेगळे आहेत. पाहुण्याला सवलत असते. तुम्ही घर भाड्याने घेतलंत, नगरपालिकेत नाव नोंदवलंत की तुम्ही रहिवासी झालात आणि सवलतीचं घड्याळ सुरू झालं.

इंटरनॅशनल परमिट काढलं की झालं ना?

नाही. आपल्याकडचा सगळ्यात पसरलेला गैरसमज हाच. आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात, ते दुसरं लायसन्स नव्हेच. तुमच्या लायसन्सवर काय लिहिलंय ते परक्या पोलिसाला कळावं, एवढंच त्याचं काम. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला किंमत नाही. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून अर्ज करता येतो, फी हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. रहिवासी म्हणून मिळालेली मुदत संपली की आयडीपी नवंकोरं असलं तरी उपयोग नाही.

जर्मनीच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. भारत आयडीपी देतो ते १९४९च्या जिनिव्हा करारानुसार. त्या करारात ब्रिटन आणि अमेरिका आहेत, जर्मनी नाही. त्यामुळे जर्मनीत जाणाऱ्याने फक्त आयडीपीच्या भरवशावर राहू नये. लायसन्सचं जर्मन भाषांतर करून घ्यावं. तिथला मोठा वाहनचालक क्लब, एडीएसी, हे काम पैसे घेऊन करून देतो.

मोबाईलमधलं डिजिलॉकरचं लायसन्स पुण्याच्या चौकात दाखवता येतं, श्टुटगार्टच्या चौकात नाही. तिथे प्लास्टिकचं मूळ कार्डच लागतं.

जर्मनीतले पहिले सहा महिने

जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. मुक्काम एकूण बारा महिन्यांपेक्षा जास्त नाही असं दाखवता आलं, तर मुदत वाढवून मिळू शकते. पण स्थायिक व्हायला निघालेल्याला हे लागू नाही. सहा महिने संपले आणि त्यानंतर एक दिवस जरी गाडी चालवलीत, तरी तो लायसन्सविना वाहन चालवण्याचा गुन्हा ठरतो. हेल्मेट नसल्याची पावती फाडून सुटण्यासारखं ते नाही. दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद अशी तरतूद आहे आणि प्रकरण फौजदारी कायद्याखाली जातं. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने हा धोका मुळीच घेऊ नये.

दोन बारीक अटी फार कमी लोकांना ठाऊक असतात. पहिली: लर्निंग लायसन्स चालत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: लायसन्स मिळालं तेव्हा तुम्ही जर्मनीचे रहिवासी असता कामा नये. म्हणजे तिथे वर्षभर राहायचं, मग दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला येऊन भराभर लायसन्स काढायचं आणि परत जाऊन दाखवायचं, हा मार्ग बंद आहे. कार्डावरची तारीख आणि तिथल्या नगरपालिकेतली नोंद शेजारी ठेवली की लगेच कळतं.

दहा वर्षं गाडी चालवतोय, आता पुन्हा परीक्षा?

होय, पुन्हा. लेखीही आणि रस्त्यावरचीही. हे अपमानास्पद वाटतं, मुंबई-गोवा महामार्गावर रात्रीबेरात्री गाडी हाकलेल्या माणसाला तर फारच. पण यात एक मोठी सवलत दडलेली आहे आणि ती फक्त आधीचं लायसन्स असलेल्यालाच मिळते. जर्मनीत नव्याने शिकणाऱ्याला ठरावीक लेखी वर्ग आणि शहराबाहेर, महामार्गावर, अंधारात असे ठरावीक तास सक्तीने करावे लागतात. तुमच्याकडे वैध भारतीय लायसन्स असेल तर ही सक्ती नाही, फक्त परीक्षा. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलचा एकेक तास महाग असतो, त्यामुळे ही सवलत म्हणजे बरेच युरो. भारतातल्या लायसन्सची खरी किंमत इथे वसूल होते. म्हणूनच जाण्याआधी लायसन्स नसेल तर काढा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मात्र गाडी खरोखर शिकून काढा, एजंटाला पैसे देऊन नको.

अर्ज शहराच्या लायसन्स कार्यालयात करायचा. सोबत डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, फोटो, भाषांतर आणि मूळ लायसन्स. लेखी परीक्षा संगणकावर होते आणि ती इंग्रजीतून देता येते. हिंदी किंवा मराठी नाही. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र सूचना जर्मनमध्येच मिळतात. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, शेजारी शिक्षक, मागच्या सीटवर परीक्षक.

अनुभवी माणसं कुठे अडतात ते पाहण्यासारखं आहे. वस्तीतला रस्ता आहे, वेग तीसच्या आत ठेवायचा, पुढे चौक. सिग्नल नाही, पाटी नाही, रस्त्यावर पट्टा नाही. आपल्या सवयीने वाटतं, रस्ता आपला सरळ आहे, आपण जायचं. पण तिथला नियम असा की काहीच लिहिलेलं नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. उजवीकडच्या गल्लीतून सायकलवर एखादी आजी येत असेल, तर तुम्ही थांबायचं आणि तिने जायचं. कुणी येत नसेल तरीही वेग कमी करून उजवीकडे मान वळवून बघायचं, आणि ते परीक्षकाला दिसायला हवं. शिक्षकाला ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते. तीच गत लेन बदलताना. आरशात बघणं पुरत नाही, खांद्यावरून मागे वळून बघावं लागतं. झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला माणूस नुसता उभा दिसला तरी गाडी थांबवायची. हॉर्न वाजवून पुढे काढण्याचा हात तर आवरावाच लागतो. कितीही वर्षांचा अनुभव असो, परीक्षेआधी पाच-सहा तास तरी शिक्षकासोबत चालवून घ्या.

पास झालात की जर्मन लायसन्स मिळतं आणि भारतीय कार्ड तिथे जमा करावं लागतं. ते हातातून जाण्याआधी दोन्ही बाजूंच्या चांगल्या प्रती काढून ठेवा. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर देणार असाल तर लायसन्सवर मर्यादा येऊ शकते, ते आधी विचारा. मोटरसायकलचा वर्ग वेगळा, त्याची परीक्षाही वेगळी. बस-ट्रकवर नोकरी करायला जाणाऱ्यांना मोठ्या वाहनाच्या लायसन्सखेरीज व्यावसायिक चालकाची स्वतंत्र पात्रता लागते. तिची नोंद २०२१पर्यंत लायसन्सवर ९५ या आकड्याने होत असे, आता तिचं वेगळं कार्ड मिळतं. भरती करणारा एजंट 'इथलं हेवी लायसन्स पुरे' म्हणत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागा.

इतर देशांत हीच गोष्ट, मुदत वेगळी

ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून बारा महिने आपलं लायसन्स चालतं, मग तिथल्या लेखी आणि रस्त्यावरच्या परीक्षा. ऑटोमॅटिकवर पास झालात तर गिअरची गाडी चालवता येत नाही. अमेरिकेत हा विषय राज्यांचा आहे. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथलं लायसन्स घ्यावं लागतं, टेक्ससमध्ये नव्वद दिवस मिळतात. त्यामुळे 'माझा भाऊ तिकडे वर्षभर चालवत होता' या सांगण्याला अर्थ नाही, भाऊ कुठल्या राज्यात होता ते विचारा. दुबईत निवासी व्हिसा लागला की भारतीय लायसन्सवर चालवणं बंद.

कॅनडातल्या ओंटारियोची पद्धत मला विशेष उल्लेखनीय वाटते. तिथे साठ दिवस मिळतात आणि नव्या चालकाला टप्प्याटप्प्याने पूर्ण लायसन्सपर्यंत जावं लागतं. पण दोन वर्षं किंवा अधिक अनुभव सिद्ध केला तर मधले टप्पे टाळून थेट शेवटच्या रस्ता परीक्षेला बसता येतं. सिद्ध कसा करायचा? लायसन्स देणाऱ्या यंत्रणेच्या किंवा वकिलातीच्या पत्राने. तिथे पोहोचल्यावर ते पत्र मिळवायला किती फेऱ्या पडतात, हे टोरांटोतल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा.

निघण्यापूर्वी आरटीओत

सगळ्यात आधी सारथीवर आपला लायसन्स नंबर टाकून बघा. जुन्या पुस्तकी लायसन्सच्या काही नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. परदेशातलं कार्यालय किंवा वकिलात पडताळणी करते ती ऑनलाइन नोंदीवरून. नोंद नसेल तर तुमचं खरं लायसन्सही त्यांच्या लेखी संशयास्पद ठरतं.

मग नाव तपासा. ही अडचण मराठी घरांत फार येते. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. लायसन्सवर आडनाव आधी, किंवा वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावाने काढलेला आणि लायसन्स कॉलेजात असताना माहेरच्या नावाने. इथे कुणी हरकत घेत नाही. तिथल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला मात्र 'देशपांडे अनघा श्रीकांत' आणि 'अनघा निखिल कुलकर्णी' या दोन वेगळ्या बायका दिसतात आणि त्यात त्याची चूक नाही. लायसन्सवरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. हे काम इथे राहून करणं आणि तिथून भावाला आरटीओत पाठवून करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं काम लायसन्सच्या एक्स्ट्रॅक्टचं. आरटीओच्या नोंदीचा हा अधिकृत उतारा. त्यात पहिलं लायसन्स कधी मिळालं आणि कोणत्या वर्गाची वाहनं चालवायची परवानगी आहे, हे येतं. कार्ड नूतनीकरणानंतरचं असेल तर वाचणारा नवीच तारीख धरून बसण्याची भीती असते. मग तुमची पंधरा वर्षं दोन वर्षांवर येतात.

चौथं, विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र, म्हणजे इतकी वर्षं अपघाताचा दावा केला नाही याचा दाखला. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. परदेशी कंपनी तो मानेलच असं नाही. जर्मनीत नवा माणूस विम्याच्या महागड्या पायरीवरून सुरू होतो. पण काही कंपन्या विचार करतात, आणि मागायला पैसे पडत नाहीत.

आता गाडी

गाडी जहाजावर चढवणं हा यातला सोपा भाग आहे. न्हावा शेवाहून कंटेनर हॅम्बुर्गला जातोच. कठीण आहे ते उतरवल्यानंतरचं.

पहिला टप्पा कराचा, आणि इथे बातमी चांगली आहे. युरोपात बाहेरून आलेल्या मोटारीवर एरवी १० टक्के आयात शुल्क आणि त्यावर जर्मनीत १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. पण राहायला येणाऱ्याच्या घरसामानात गाडी धरली जाते आणि दोन्ही माफ होतात. अटी अशा: तुम्ही किमान बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहत होतात, गाडी किमान सहा महिने तुमच्या वापरात होती, स्थलांतरानंतर बारा महिन्यांच्या आत ती आणली, आणि पुढचे बारा महिने विकणार किंवा भाड्याने देणार नाही. ब्रिटनमध्येही साधारण अशीच सवलत आहे. हे ऐकूनच पुष्कळजण हुरळतात.

दुसरा टप्पा तांत्रिक मंजुरीचा, आणि तिथे गाडी अडते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मॉडेलला त्या त्या देशाची मान्यता लागते. धडकेत गाडीचं काय होतं, धूर किती, दिवे कसे, सगळ्याची. भारतासाठी बनलेल्या गाडीकडे युरोपची मान्यता नसते. मग तुमच्या एकाच गाडीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते, तिच्या उत्सर्जनाचे आणि ब्रेकचे कागद जमवावे लागतात. दिवे बदलावे लागतात, कारण डावीकडून चालणाऱ्या देशातले हेडलाइट डाव्या बाजूला जास्त उजेड टाकतात. जर्मनीत ती समोरून येणाऱ्याची बाजू. स्टिअरिंग उजवीकडेच राहिलं तर ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही. शिवाय अनेक शहरांत प्रदूषणाचा हिरवा स्टिकर असल्याशिवाय प्रवेश नाही. बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्टने तर १ जानेवारी २०१९पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरबंदी केली.

अमेरिकेत दार याहून घट्ट आहे. तिथले सुरक्षा निकष न पाळणारी गाडी पंचवीस वर्षांची होईपर्यंत कायमची आणणं जवळजवळ अशक्य. कॅनडात ही रेषा पंधरा वर्षांची. म्हणून आजोबांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी नेता येईल, कालपरवाची एसयूव्ही नाही.

पण तीच गाडी तिकडेही विकतात!

हा आक्षेप रास्त वाटतो. हुंडाईची आय-१० चेन्नईजवळ तयार होऊन युरोपात जात होती. मग पुण्यातली आय-१० का नको? कारण एकाच कारखान्यातून निघाल्या तरी त्या दोन वेगळ्या गाड्या असतात. निर्यातीच्या गाडीला स्टिअरिंग, दिवे, एअरबॅग, इंजिनाची जुळणी हे सारं त्या देशाच्या नियमाने बसवतात आणि तसं प्रमाणपत्र गाडीबरोबर जातं. तुमच्या गाडीच्या सांगाडा क्रमांकावर ते प्रमाणपत्र नाही. आपल्याकडचे धुराचे बीएस-६ निकष युरोपच्या युरो-६वर बेतलेले आहेत हे खरं, पण निकष सारखे असणं आणि कागद मान्य होणं या दोन गोष्टी आहेत.

विकताना नाव उतरवून जा

म्हणजे गाडी विकायची. शेवटच्या आठवड्यात घाईने विकली जाते, पैसे खात्यावर येतात, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सही करून दिले जातात, आणि नाव बदललं का हे बघायला कुणी थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. तुम्ही म्युनिकमध्ये असाल आणि इथे नोटीस आईवडिलांच्या दारात येईल. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आधी उतरवा. विमान पकडण्यापूर्वी नोंदणी नव्या नावावर झालेली डोळ्यांनी बघा.

आणि परत यायचं ठरलं तर?

तिकडची गाडी इकडे आणणं हे जवळपास स्वप्नच समजा. परतणाऱ्याला घरसामानावर सवलती आहेत, पण सीमाशुल्क कायद्यातल्या 'बॅगेज'च्या व्याख्येतूनच मोटारी वगळलेल्या आहेत. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, आणि ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. म्हणजे जर्मनी, अमेरिका, आखात, तिन्हीकडच्या बहुतेक गाड्या स्टिअरिंगच्या अटीवरच बाद. यातून पार पडलीच तर सीमाशुल्क गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि पुन्हा चाचणी: अहिल्यानगरची लष्करी वाहन संशोधन संस्था, पुण्यातली एआरएआय किंवा मध्य प्रदेशातली बुदनीची संस्था.

परतणाऱ्याने गाडीपेक्षा इथल्या लायसन्सच्या मुदतीकडे लक्ष द्यावं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नास या वयात काढलेलं दहा वर्षं. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि संपल्यानंतर वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्यापुढे गेलात तर आपल्याच आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागते. म्हणून सुट्टीवर येण्याचं तिकीट काढतानाच कार्डाच्या प्रतीवरची तारीख बघा आणि आरटीओची अपॉइंटमेंट त्या आठवड्यात बसवा.